रेवाला तीस हाका

७ डिसेंबर, रविवार
शिवाजी पार्कात क्लबचा सामना. स. ९ ते सं. ५ खुर्चीत. कंबर गेली. समोरच्या संघाचे स्कोअरर लॅपटॉप घेऊन आलेले, जेवणानंतर तो बंद पडला आणि मग माझ्या वहीतून उतरवून घेत बसले. एकेचाळीस वर्षं पेन्सिलीनं लिहितोय, तिची बॅटरी अजून उतरलेली नाही.

पण चूक माझीही झाली. अंपायर अँथनीनं चौकाराची खूण केली, तेव्हा मी पेन्सिलीला टोक काढत होतो. स्कोअररनं हात वर करून 'दिसलं' म्हणेपर्यंत अंपायरचा हात खाली येत नाही, हा नियम. बिचारा हात हलवतच राहिला. शेवटी ओरडला, "पेडणेकर, झोपला काय रे?" सगळं मैदान हसलं.

घरी आलो तर रेवा हॉलमध्ये फरशीवर, डब्याचं झाकण गरगर फिरवतेय. दारातून हाक मारली, "रेऊ, आजोबा आले!" दोनदा. तिसऱ्यांदा बूट काढता काढता. मान वळली नाही. सुधा स्वयंपाकघरातून म्हणाली, "खेळात गुंगलीय हो ती. कशाला मोडता घालताय?" बरोबर आहे. मला तरी लिहिताना कुणाची हाक कुठे ऐकू येते? नात आजोबांवर गेली, झालं.

१२ डिसेंबर, शुक्रवार
रेवाची अठरा महिन्यांची लस. आमचा नितीन कामासाठी पुण्याला, सूनबाई प्राचीला बँकेतून सुटी नाही, सुधाचे गुडघे. म्हणून मी. लालबागच्या दवाखान्यात तासभर बसलो. सुई टोचली तेव्हा रडली, पण मला बिलगली नाही. रडता रडता वरच्या पंख्याकडे बघत होती.

तिथल्या सिस्टरनी एक कागद दिला. मुलाच्या वाढीबद्दल वीसेक प्रश्न, पुढे 'हो' किंवा 'नाही'. म्हणाल्या, घरच्यांनी भरायचा.

बोट दाखवून वस्तू मागते का? फ्रिजमधलं दही हवं असलं की माझं मनगट धरते, ओढत नेते, माझा हात फ्रिजच्या दारावर ठेवते. याहून काय दाखवायचं? हो. हाकेला बघते का? कधीकधी. हो. बाहुलीला भरवणं, खोटा खोटा स्वयंपाक? बाहुली घरात आहे. हो. इतर मुलांत रस? शेजारचा अर्णव आला की पळून तर जात नाही. हो. शेजारी बसलेली बाई मान वाकडी करून माझा कागद वाचत होती. नातीचा पहिलाच पेपर, त्यात आजोबानं 'नाही' कसं लिहायचं? शंका आली तिथे फायदा फलंदाजाला. नियमच आहे तो.

डॉक्टरबाईंनी कागदावरून नजर फिरवली. "छान. बोलणं थोडं मागे वाटतंय, बोलत राहा तिच्याशी. दोन वर्षांची झाली की आणा."

घरी पोचायच्या आत प्राचीचा फोन. "काय म्हणाल्या डॉक्टर?" म्हटलं, सगळं व्यवस्थित. "बोलत नाही त्याबद्दल काही?" म्हटलं, सगळं व्यवस्थित आहे गं.

१७ डिसेंबर, बुधवार
सुधाच्या भजनाच्या बायका आल्या होत्या. दोन तास टाळ, गप्पा, पोहे. रेवा कोपऱ्यात झाकणाशी. एकदाही मधे आली नाही. सगळ्याजणी कौतुक करून गेल्या, काय गुणी पोर, नाहीतर आमच्याकडची! सुधा फुलून गेली. "मुलीची जात आहे, शांतच बरी."

बोलण्यासाठी ठाकूरद्वारहून वेखंड आणलंय तिनं. रोज सकाळी सहाणेवर उगाळून मधातून जिभेला लावते. नितीनलाही लावलं होतं म्हणे. तो तीन वर्षांचा होईतो बोलला नव्हता, आणि आता बघा, फोन खाली ठेवत नाही.

२० डिसेंबर, शनिवार
प्राची घरी. चहा पिता पिता अचानक म्हणाली, "बाबा, दिवसभर ती तुमच्याजवळ असते. तुमच्याकडे बघते का हो?"

म्हटलं, बघते की.

"माझ्याकडे नाही बघत. मी संध्याकाळी आले की माझी पर्स बघते. पर्सची चेन. अर्णव कसा आईच्या पायाला मिठी मारतो. मी नोकरीला जाते म्हणून रुसली असेल का माझ्यावर?"

एवढीशी पोर कुठे रुसते, म्हटलं. पेपरात तोंड घातलं.

२१ डिसेंबर, रविवार
मॅच नाही. जुन्या स्कोअरबुकाची मागची पानं कोरी आहेत ती काढली. उगाच शंका काढत बसण्यापेक्षा मोजलेलं बरं. तिच्यासाठी नाही, माझ्या समाधानासाठी.

नियम ठरवले. पाच फुटांवरून हाक. फक्त नाव, एकदाच. टाळी नाही, चुटकी नाही, खाऊ नाही. मान वळली तर १. नाही वळली तर टिंब. दुसऱ्याच कुठल्या आवाजानं वळली तर ती हाकेची धाव नव्हे, अवांतर. सहा हाकांचं एक षटक, दिवसात पाच षटकं.

हाका ३०. धावा २. अवांतर ४ (किल्ल्या, कुकरची शिटी, बिस्किटाचा पुडा, परत किल्ल्या). बाकी टिंबं. दुसरं षटक निर्धाव. निर्धाव षटकाची सहा टिंबं जोडून स्कोअरबुकात 'मेडन'चा इंग्रजी एम काढतात. ती जोडली नाहीत.

२२ डिसेंबर, सोमवार
३०. धावा ३. अवांतर ५.

२३ डिसेंबर, मंगळवार
३०. धावा १.

सुधानं पकडलं. "सकाळपासून रेवा रेवा काय लावलंय? पोपट आहे का ती?" वही पेपरांच्या रद्दीखाली ठेवली.

४ जानेवारी, रविवार
दहा-बारा दिवस मोजलं नाही. मोजलं नाही की बरं वाटतं. आज तिनं माझ्या मांडीवर बसून अर्धा तास माझ्या शर्टाचं बटण फिरवलं. जड, ऊबदार पोर. केसांना खोबरेल तेलाचा वास. हिच्यात काय कमी आहे, असं वाटून स्वतःचाच राग आला.

२५ जानेवारी, रविवार. रथसप्तमी
रेवाचं बोरन्हाण. गेल्या वर्षी सुधाच्या मोतीबिंदूमुळे राहिलं होतं, म्हणून यंदा हौसेनं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, मुकुटसुद्धा. मजल्यावरची सगळी पोरं, त्यांच्या आया. पाटावर बसवली तोवर ठीक होती. सुधानं बोरं, चुरमुरे, हलवा, उसाचे करवे डोक्यावरून ओतले आणि पोरांनी लुटायला झेप घेतली. एकच कल्ला. रेवानं दोन्ही हात कानांवर दाबले आणि किंचाळली. रडणं नव्हे ते. थांबेचना. प्राचीनं उचललं तर अंग ताठ. बायका म्हणाल्या, दृष्ट लागली. सुधा मीठमोहऱ्या आणायला धावली.

मग आपोआप शांत झाली. सगळे खाण्यात असताना बघितलं तर जेवणाच्या टेबलाखाली. बोरं गोळा करून रांग लावलेली. दारापासून ओट्यापर्यंत सरळ रेघ, एका बोराएवढंही वाकडं नाही. मुकुट तसाच डोक्यावर.

पण लिहायला बसलो ते यासाठी नाही.

अर्णव तिच्याहून वीस दिवसांनी लहान. पंख्याला बांधलेला लाल फुगा त्यानं बघितला. बोट वर केलं. "फू!" म्हणाला आणि मान वळवून आईकडे बघितलं. पुन्हा फुग्याकडे, पुन्हा आईकडे. आईनं "हो रे, फुगा!" म्हणेपर्यंत बोट खाली आलं नाही. त्याला फुगा नको होता. आईनं बघावा एवढंच हवं होतं.

बोट फुग्याकडे, डोळे आईकडे. त्या कागदावर हे विचारलं होतं. आणि मी फ्रिजच्या दाराच्या जोरावर 'हो' लिहून आलो.

रेवानं आजवर मला काहीच दाखवलेलं नाही. चंद्र नाही, कावळा नाही. माझा हात तिला लागतो, मी लागत नाही.

पुरे.

२६ जानेवारी, सोमवार
सुटीचा सामना, शि. पार्क. पहिल्या डावात दोनदा बेरीज चुकली. चहाला अँथनी येऊन बसला. गिरगावचा हा माणूस तीस वर्षं माझ्यासमोर खुणा करतोय, माझं तोंड बघून ओळखतो. सगळं सांगितलं. कागद, फुगा, वही.

त्यानं चहा संपवला. मग म्हणाला, "माझ्या बहिणीचा नातू तसाच. घरात सगळे बोलत राहिले, होईल रे, होईल रे. चार वर्षं काढली. आता थेरपी चालू आहे, चांगला चाललाय पोरगा. पण बहीण अजून बोलते, माझी ती चार वर्षं कोण देणार?"

म्हटलं, कागद तर भरून दिला. डॉक्टर ठीक म्हणाल्या.

"अरे, कागद तूच भरला ना? माझा सिग्नल चुकला तर मी काय करतो?" आणि त्यानं दोन्ही हात छातीवर आडवे घेऊन खांद्यांना लावले. अंपायर आधीची खूण रद्द करतो ती खूण. "सगळ्या ग्राउंडसमोर करतो. लाज वाटते, पण करतो. मग बरोबर सिग्नल देतो. तू उद्या घरी सांग."

२७ जानेवारी, मंगळवार
सांगितलं नाही.

२९ जानेवारी, गुरुवार
आधी सुधाला सांगून बघितलं. भडकली. "नातीला वेडी ठरवायला निघालात? मुलगी आहे ती. एकदा शिक्का बसला की जन्माचा. नित्या नव्हता का उशिरा बोलला?" म्हटलं, वेडी कोण म्हणतंय? "मग डॉक्टरला काय दाखवताय? तुम्हीच लिहून दिलंत ना, सगळं बरोबर आहे म्हणून?"

तिनं वेखंड दोनदा लावायला सुरुवात केलीय. रेवा तोंड घट्ट मिटते.

३१ जानेवारी, शनिवार
पुन्हा मोजलं. ३०. धावा २. अवांतर ६. पाच आठवड्यांत काही बदललं नाही. बदललं ते एवढंच की पाच आठवडे गेले.

१ फेब्रुवारी, रविवार
दुपारची जेवणं झाल्यावर. सुधा रेवाला घेऊन शेजारी गेली होती. नितीन-प्राची दोघं टेबलाशी. वही पुढे ठेवली आणि सांगितलं. दवाखान्यातला कागद मी खोटा भरला. मुद्दाम नाही, पण खोटा. मी 'सगळं व्यवस्थित' म्हणालो ते खरं नव्हतं.

प्राचीनं पानं उलटली. टिंबं, एक, टिंबं. हे काय ते नितीनला कळायला वेळ लागला, तिला लागला नाही.

"हे एकवीस डिसेंबरचं आहे."

हो म्हटलं.

"आज एक फेब्रुवारी आहे, बाबा."

हो.

"मी तुम्हाला विचारलं होतं. फोनवर विचारलं, मग चहा पिताना विचारलं. तुम्ही बघते म्हणालात. डॉक्टर ठीक म्हणतात, बाबा ठीक म्हणतात, म्हणजे माझंच डोकं फिरलंय असं समजून मी दीड महिना काढला. वाटत होतं, मी आई म्हणून कमी पडतेय. रोज बसमध्ये रडत जात होते."

आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर बरं झालं असतं. मग आपला फोन काढून पुढे ठेवला. रेवाचे व्हिडिओ, सव्वीस. प्रत्येकात प्राचीचा आवाज, "रेऊ... रेऊ..." आणि रेवाची पाठ.

एकाच घरात दोघंजण एकच सामना लिहीत होतो, एकमेकांपासून लपवून. षटक संपलं की दोन्ही स्कोअररांनी ताळा जुळवायचा, हे मी नवख्यांना पहिल्या दिवशी शिकवतो.

नितीन उठून चपला घालून खाली गेला. तासाभरानं आला. डोळे लाल.

माफी मागितली. प्राची वही घेऊन गेली.

३ फेब्रुवारी, मंगळवार
प्राची बोलत नाही. चहाचा कप समोर ठेवते, वळते. कप आपटतसुद्धा नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
तिनं सुटी घेतली. जाताना दारात उभी राहून म्हणाली, "तुम्ही चला. उत्तरं तुम्हालाच द्यायचीत." पाच दिवसांतलं पहिलं वाक्य.

तोच दवाखाना, तोच कागद. प्राची एकेक प्रश्न वाचत होती, मी उत्तर देत होतो. बोट दाखवते? नाही. हाकेला बघते? तिसांत दोनदा, म्हणजे नाही. बाहुलीला भरवते? नाही. आणखी एक नाही. आणखी एक. अकराव्या 'नाही'ला मी अडलो. प्राचीनं पेन खाली ठेवलं, पाण्याची बाटली पुढे केली, पुन्हा पेन उचललं.

डॉक्टरबाईंनी या वेळी घाई केली नाही. रेवासमोर फरशीवर बसल्या, साबणाचे फुगे उडवले, वाट बघितली. रेवा फुग्यांमागे धावली, त्यांच्याकडे बघितलं नाही. वही पण नीट बघितली त्यांनी. म्हणाल्या, "ऑटिझमची लक्षणं असू शकतात. असू शकतात म्हणतेय, हे निदान नाही. ते विकासाचे तज्ज्ञ डॉक्टर सविस्तर तपासून करतील. पण नाव कळेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नाही. आधी कानांची तपासणी, आणि स्पीच थेरपी लगेच सुरू." तज्ज्ञांची तारीख २३ मार्च मिळाली. त्याआधी जागा नाही.

मी विचारलं, दोन महिने फुकट गेले त्याचं काय?

"आजोबा, या कागदावर घरचे नेहमीच उदार होतात. मीही तेव्हा नुसता कागदच बघितला, मुलीशी खेळून बघायला हवं होतं. अजून लहान आहे ती. पुढचं बघू."

वेखंड बंद करा म्हणाल्या. बाहेर पडताना प्राचीनं वही परत माझ्या हातात दिली.

८ फेब्रुवारी, रविवार
सुधानं ऐकून घेतलं. देवापाशी बसली. वेखंड बंद केलं नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार
कानांची तपासणी. गाढ झोपेतच करतात, म्हणून पहाटे पाचला उठवून जागी ठेवायची. मी झाकणं फिरवली, नितीननं खांद्यावर घेऊन जिने चढउतार केले. तिथे प्राचीच्या छातीवर एकदाची झोपली. डोक्याला तारा लावल्या. एवढंसं डोकं.

आम्ही बाहेर बाकावर. सुधा डोळे मिटून पुटपुटत होती. जवळ वाकलो तर ऐकू आलं, "आई, कानाचंच निघू दे. मशीन लावू गो आई, मशीन लावू." नात बहिरी निघावी म्हणून आजी नवस बोलत होती. आणि खोटं कशाला लिहू, मीही मनात तेच म्हणत होतो.

कान उत्तम आहेत. दोन्ही.

टॅक्सीत परळचा पूल चढताना सुधा खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "नित्या बोलत नव्हता. पण बोट दाखवून जीव खायचा माझा. कावळा दाखवायचा, बस दाखवायचा, हे हे करून घर डोक्यावर घ्यायचा. मला आठवत होतं हो. पहिल्यापासून आठवत होतं." प्राचीनं तिचा हात धरला.

घरी आल्यावर सहाण धुऊन माळ्यावर ठेवली तिनं. वेखंड कचऱ्यात.

२४ फेब्रुवारी, मंगळवार
दादरला थेरपीचा पहिला दिवस. आठवड्यातून दोनदा, न्यायचं मी. थेरपिस्ट बाई प्राचीच्या वयाच्या. खुर्ची असून फरशीवर बसतात. मलाही बसवलं. गुडघे कडाडले तशी रेवा दचकली. (हे अवांतर.)

म्हणाल्या, "आजोबा, हाका मारणं कमी करा. ती परीक्षा झाली. तिला तुमच्या खेळात ओढू नका, तुम्ही तिच्या खेळात जा. ती झाकण फिरवते ना? तिच्यासमोर बसा, तुम्हीही फिरवा. तिच्या नजरेच्या उंचीवर. आणि वाट बघा."

एवढंच? म्हटलं. एवढंच रोज करून बघा, म्हणाल्या.

२८ फेब्रुवारी, शनिवार
वाटतं तितकं सोपं नाही. माझं झाकण तीन गिरक्यांत आडवं होतं. तिचं तीसेक घेतं. बोटांत कसब आहे पोरीच्या. इतके दिवस मी तिला काय येत नाही ते मोजत होतो, हे बघितलंच नव्हतं.

५ मार्च, गुरुवार
आज तिनं एक झाकण माझ्याकडे सरकवलं. की हातून निसटलं? नक्की नाही. टिंब.

११ मार्च, बुधवार
सुधाच्या भजनाच्या बायका पुन्हा. कुणीतरी म्हणालं, "गुणी हो नात, आवाज नाही." सुधा म्हणाली, "आवाज केला तर बरं होईल आम्हाला. तिला डॉक्टरकडे दाखवतोय." पोह्यांची बशी फिरली. मला सुधाचा एवढा अभिमान लग्नानंतर आजच वाटला असेल.

नितीननं अजून ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही. कधीकधी रेवा झोपल्यावर विचारतो, "ती मला ओळखते ना बाबा?" तो आला की ती दाराशी जाते, त्याच्या बॅगेचा पट्टा धरते. पट्ट्यासाठी की त्याच्यासाठी, मला माहीत नाही. पूर्वी मी 'तुझ्यासाठीच रे' म्हणून टाकलं असतं. आज म्हटलं, माहीत नाही, बघू. त्यानं मान हलवली. त्याला ते चाललं असावं.

१९ मार्च, गुरुवार. पाडवा
खिडकीत गुढी. रेवा तांब्यावरची चकाकी बघत तासभर उभी. तिच्या शेजारी मीही उभा. चकाकी खरंच बघण्यासारखी होती.

दुपारी प्राची श्रीखंडाची वाटी घेऊन आली. वाटी ठेवून गेली नाही, बसली. म्हणाली, "आज किती, बाबा?"

म्हटलं, हाका मारत नाही आता. पण काल मी माझं झाकण थांबवलं तेव्हा तिनंही थांबवलं. दोनदा.

"लिहिलंत?"

लिहिलं. दोन. पुढे प्रश्नचिन्ह.

तिनं वही मागितली नाही. "सोमवारी घेऊन चला ती," म्हणाली. "आणि तुम्हीही या. तुम्ही दिवसभर असता तिच्याजवळ." मी श्रीखंड संपवलं. डॉक्टरांनी साखर बंद केलीय, तरी.

२२ मार्च, रविवार
उद्या तज्ज्ञांची तारीख. प्राचीनं फायली लावल्या, व्हिडिओ एका जागी केले, रेवाचा कुठला फ्रॉक यावरून सुधाशी वाद घातला. नितीननं दोन दिवस सुटी टाकलीय. उद्या एक नाव मिळेल किंवा मिळणार नाही. मिळालं तर पोर तीच असेल, हे मला कळतं. तरी मला भीती वाटते. मी गेल्यावर हिला हाक कोण मारणार, आणि पाच फुटांवर उभं राहून वाट कोण बघणार, याची.

सकाळची गोष्ट मात्र लिहून ठेवायला हवी.

सुधानं आवराआवरीत झाकणांचा डबा कपाटावर ठेवला होता. रेवा आली, नेहमीसारखं माझं मनगट धरलं, ओढत कपाटापर्यंत नेलं. आता माझा हात वर ढकलेल म्हणून मी थांबलो. तिनं मनगट सोडलं. स्वतःचा हात वर केला, डब्याच्या दिशेनं. बोट नव्हतं, पंजा उघडा. आणि तसाच धरून राहिली. दंड दुखेल इतका वेळ. खाली घेईना. तोंडानं आवाज नाही. डोळे डब्याकडे होते. मधे एकदा माझ्याकडे वळल्यासारखे वाटले, पण माझ्याकडे की माझ्या मागच्या खिडकीकडे, देवाशपथ सांगता येत नाही.

एकेचाळीस वर्षांची सवय. समोर कुणी हात वर धरून उभं असलं की माझा हात आपोआप जातो. मी हात वर केला. दिसलं म्हणून.

तिचा हात खाली आला.

योगायोग असेल. दमली असेल. त्या रकान्यात १ लिहायला पेन्सिल टेकवली आणि उचलली. टिंबही काढवेना. शंकेचा फायदा मी एकदा देऊन बसलोय. रकाना कोरा ठेवलाय, उद्या विचारीन त्यांना. डबा तेवढा काढून दिला, आणि समोर फरशीवर बसलो.